खुलासा : ब्लूटूथ आणि श्रवणयंत्रांबद्दलचा फिरता मेसेज

ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘ब्लूटूथचा सिग्नल एका कानातून दुसऱ्या कानात मेंदूतून आरपार जातो आणि मेंदू भाजतो.’ तो वाचून काही आजी-आजोबांनी श्रवणयंत्रंच काढून ठेवली आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. या लहरी शरीरातल्या पाण्यात इतक्या शोषल्या जातात की डोक्यातून आरपार गेलेला सिग्नल जवळजवळ उरतच नाही. शरीराभोवतीच्या अँटेनांवरचं संशोधन सांगतं की दुसऱ्या कानापर्यंत पोचतो तो मुख्यतः डोक्याच्या पृष्ठभागावरून वळसा घालून, किंवा भिंतींवरून परावर्तित होऊन.

मग शोषलेली ऊर्जा भाजत नाही का? प्रमाण बघा. ब्लूटूथ उपकरणांच्या एका नेहमीच्या वर्गाची कमाल शक्ती २.५ मिलीवॅट, जुन्या २जी फोनची कमाल २ वॅट, म्हणजे ८०० पट. भारतात २०१२ पासून फोनसाठी एसएआरची, म्हणजे शरीर दर किलोमागे किती रेडिओ-ऊर्जा शोषतं त्या मापाची, मर्यादा १.६ वॅट प्रतिकिलो आहे.

काही श्रवणयंत्रं आपापसात चुंबकीय क्षेत्राने बोलतात, सुमारे १० मेगाहर्ट्झवर. ते क्षेत्र डोक्यातून जातं हे खरं, पण ऊतींमध्ये फारच थोडं शोषलं जातं.

पेसमेकर असेल तर मात्र इअरबड्सची डबी छातीच्या खिशात ठेवू नका. तिच्यात चुंबक असतं. श्रवणयंत्रं कृपया पुन्हा लावा, आणि शंका असेल तर कानाच्या डॉक्टरांना विचारा.