‘भाड्याचा पेनड्राइव्ह’ या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांपासून टिळक रस्त्यावरच्या सीए ऑफिसांपर्यंत तो पोचला आहे. त्याचा सारांश असा: क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर फायली ठेवायची सोय, हा दरमहा भाडं भरून घेतलेला पेनड्राइव्ह आहे. दहा-वीस माणसांच्या धंद्याला त्याची गरज नाही. फायली व्हॉट्सॲपवर पाठवा, फुकटची जीमेल खाती वापरा, एक चांगली हार्ड डिस्क घेऊन टाका. क्लाउडवरचा डेटा परदेशात जातो आणि नेट गेलं की काम ठप्प होतं. फायदा असलाच तर एक, बॅकअपची काळजी मिटते.

छोट्या कंपन्यांच्या ऑफिसात ही व्यवस्था लावून देण्याचं काम मी करतो. संदेशाला लोक माना का डोलावतात, ते मला कळतं. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ (कंपनीचं ईमेल आणि फायली ठेवायची ऑनलाइन जागा एकत्र देणाऱ्या सेवा) यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला जातात आणि वापर होतो फक्त ईमेलचा, अशी ऑफिसं मी नेहमी पाहतो. पैसे वाया जातात ही तक्रार खरी आहे. त्यावर सुचवलेला उपाय मात्र धंद्याला खड्ड्यात घालणारा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फायली व्हॉट्सॲपवर जातातच की’

जातात. २०२२ पासून तर २ जीबीपर्यंतची फाइल जाते. पण फाइल पोचली म्हणजे काम झालं, असं धंद्यात होत नाही. चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीचं जॉब वर्क करणारं युनिट डोळ्यांसमोर आणा. ग्राहकाकडून ड्रॉइंग येतं, महिन्याभरात त्याची रिव्हिजन ‘बी’ (सुधारित आवृत्ती) येते, मग ‘सी’. मालक प्रत्येक वेळी पीडीएफ ग्रुपवर टाकतो. मशीनच्या प्रोग्रामरने ‘सी’ उघडलेली असते, मशीनजवळ ‘बी’ची प्रिंट लटकत असते आणि क्वालिटीवाला स्वतःच्या फोनमध्ये कधीतरी उतरवून ठेवलेल्या प्रतीवरून मापं घेत असतो. दोन रिव्हिजनमध्ये एका बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, तेवढा बदललेला असतो. लॉट रिजेक्ट होतो, आणि प्रत्येकाच्या हातात आपण बरोबर होतो हे सांगणारी एक फाइल असते.

गूगल ड्राइव्हमध्ये आहे त्याच फाइलवर नवी आवृत्ती चढवता येते. ‘मॅनेज व्हर्जन्स’ या पर्यायातून ते केलं की लिंक जुनीच राहते, आत ड्रॉइंग नवं येतं. त्या लिंकचा क्यूआर कोड छापून मशीनशेजारी चिकटवला की ऑपरेटरला स्कॅन केल्यावर चालू रिव्हिजनच दिसते. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फायली ठेवायच्या जागांमध्ये त्याच नावाची फाइल बदलली की जुनी प्रत इतिहासात जाते. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही; ज्याचे पैसे तुम्ही आधीच भरता, त्यातच हे आहे.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक ऑफिसात बजावून सांगतो. ड्राइव्हमध्ये पीडीएफ, एक्सेल किंवा कॅड फाइलच्या जुन्या आवृत्त्या कायम राहत नाहीत. ३० दिवस उलटले किंवा १०० आवृत्त्या झाल्या की त्या काढल्या जाऊ शकतात. महत्त्वाच्या रिव्हिजनवर ‘कीप फॉरेव्हर’ची खूण त्याच दिवशी करा. ऑडिटर वर्षापूर्वीचं ड्रॉइंग मागतो, तेव्हा ही खूणच उपयोगी पडते.

‘फुकटची जीमेल खाती पुरेशी आहेत’

माझ्या मते संपूर्ण संदेशातला सगळ्यात घातक सल्ला हा आहे. फुकट खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मिळते. ती पुरते की नाही, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. फाइल कोणाच्या मालकीची, हा खरा प्रश्न.

पर्चेस सांभाळणाऱ्या मुलाने स्वतःच्या जीमेलवरून व्हेंडरांच्या दरांचा तक्ता तयार केला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना शेअर केला. चार वर्षं सगळे त्याच तक्त्यात काम करतात. मग त्याला रांजणगावला चांगली नोकरी मिळते आणि तो जातो. भांडण नाही, तंटा नाही. पण तक्ता त्याच्या खात्यात आहे, पासवर्ड त्याच्याजवळ आहे आणि ओटीपी त्याच्या फोनवर येतो. त्याने आपलं खातं साफ करायला घेतलं तर तक्ता सगळ्यांकडून जाईल. ते खातं वापरायचंच सोडलं तरी धोका टळत नाही, कारण दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे.

कंपनीच्या डोमेनवरच्या (ईमेलमध्ये @ नंतर येणाऱ्या कंपनीच्या नावावरच्या) पैसे भरलेल्या खात्यांमध्ये सूत्रं कंपनीच्या हातात राहतात. ॲडमिन (सगळ्या खात्यांची व्यवस्था पाहणारा) कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो, हरवलेल्या फोनवरून खातं बाहेर काढू शकतो, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सगळ्यांना सक्तीचं करू शकतो, एकाच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. वर्कस्पेसमधल्या ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये तर फाइल मुळातच संस्थेच्या मालकीची असते, माणूस आला-गेला तरी ती जागची हलत नाही. कोटेशनं, पीओ (खरेदी ऑर्डरी), ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट हे सगळं तिथेच असलं पाहिजे. मायक्रोसॉफ्टकडे हेच काम शेअरपॉइंट करतं.

पैसे भरणारेही इथे एक घोटाळा करतात. माणूस सोडून गेला की पुढच्या महिन्याचं बिल वाचवायला त्याच संध्याकाळी खातं डिलीट करतात. डिलीट करताना गूगल फायली कोणाकडे वळवायच्या ते विचारतं, आणि घाईत तो पर्याय रिकामा सोडला जातो. नंतर आठवलं तर वर्कस्पेसमधलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये खातं काढलेल्या माणसाचं वनड्राइव्ह सेटिंग न बदलल्यास ३० दिवस राहतं. त्यानंतर हात चोळत बसावं लागतं. म्हणून आधी फायली वळवा, मग पासवर्ड बदलून थोडे दिवस थांबा आणि शेवटी खातं काढा.

‘हार्ड डिस्क एकदाच घ्या’ आणि ‘क्लाउडवर बॅकअपची काळजी नाही’

हे दोन मुद्दे एकत्र घेतो, कारण दोन्हींमागे एकच समज आहे: एक प्रत एका ठिकाणी नीट ठेवली की भागलं.

डिस्क ऑफिसातच असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर भागात घुसलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली डिस्क अशा वेळी एकदमच जातात. रॅन्समवेअर (फायली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर जोडून ठेवलेली डिस्कही त्याच झटक्यात कुलूपबंद होते.

पण क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, हेही तितकंच चुकीचं आहे. ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह सिंक करतात, म्हणजे एका ठिकाणचा बदल सगळ्या ठिकाणी उतरवतात. एका मशीनवर फोल्डर डिलीट झाला की तो सगळीकडून जातो. ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांत रिकामा होतो, कंपनीच्या वनड्राइव्हचा रिसायकल बिन ९३ दिवसांत. जीएसटीचे हिशेब मात्र वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. मार्चमध्ये चुकून उडालेला फोल्डर दिवाळीनंतर ऑडिटच्या वेळी लक्षात आला, तर तो परत मिळायची आशा नाही.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरची ‘प्रायव्हेट क्लाउड’ ही राखीव सर्व्हरव्यवस्था उडाली. ती उभारताना गूगलच्याच एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. सहा लाखांहून जास्त सभासदांना कित्येक दिवस आपली खाती बघता आली नाहीत. फंड सावरायला मोठी मदत झाली ती दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपची. एवढ्या मोठ्या संस्थेला जी दुसरी प्रत लागली, ती आपल्यालाही लागते.

संदेशातली हार्ड डिस्क इथे कामाला येते. आठवड्यातून एकदा शेअर्ड ड्राइव्हची प्रत तिच्यावर घ्या, वायर काढा आणि डिस्क ऑफिसाबाहेर ठेवा. टॅलीचा चालू डेटा फोल्डर सिंकमध्ये ठेवू नका. दोघांनी एकाच वेळी काम केलं की तो बिघडू शकतो. टॅलीतून बॅकअप घेऊन ती फाइल क्लाउडवर चढवा. अधूनमधून एखादी जुनी फाइल परत आणून, उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

‘डेटा परदेशात जातो’

मायक्रोसॉफ्टच्या ‘सेंट्रल इंडिया’ विभागाची डेटा सेंटर्स २०१५ पासून पुण्यातच आहेत. सरसकट विधान करण्याऐवजी आपली सेवा डेटा कुठे ठेवते, हे करारात वाचावं. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनी तर वाचायलाच हवं. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे, असं कंपनी नियम ऑगस्ट २०२२ पासून सांगतात.

प्रत्यक्षात छोट्या ऑफिसातून माहिती फुटते ती ‘लिंक असलेला कोणीही’ या सेटिंगमुळे. पगारपत्रक, आधारच्या प्रती, ग्राहकांची यादी अशी उघडी पडलेली असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ॲडमिनने हे सेटिंग संपूर्ण संस्थेसाठी बंद करावं आणि बाहेरच्यांना नावानिशी परवानगी द्यावी.

‘नेट गेलं की काम ठप्प’

गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम असलं की वीज जाते आणि राउटरही बसतो. चालू ऑर्डरींचे फोल्डर लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ किंवा ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा. बदल नेट आल्यावर आपोआप वर जातात.

‘भाडं कायमचं मागे लागतं’

लागतं, आणि बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त लागतं. सेल्स, अकाउंट्स, इन्फो अशा नावांच्या पत्त्यांसाठी वेगवेगळी खाती विकत घेतलेली असतात. वर्कस्पेसमध्ये हे काम ग्रुप किंवा उपनावाने (एकाच खात्याच्या जादा पत्त्याने) होतं, त्याचे जादा पैसे नाहीत. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांनी मिळून वापरायचा ईमेल पत्ता) ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय चालतो. फक्त ड्रॉइंग बघणाऱ्या ऑपरेटरला पूर्ण लायसन्स लागत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिक प्लॅनमध्येही प्रत्येकाला १ टीबी मिळतं, तरी ऑफिसात फायली इकडून तिकडे न्यायला नव्या डिस्क विकत घेणं चालूच असतं.

बिल उघडलंच आहे तर ते कोणाच्या नावावर येतं, तेही बघा. कितीतरी कंपन्यांचं डोमेन आणि मुख्य ॲडमिन खातं ते सुरू करून देणाऱ्या व्हेंडरच्या ईमेलवर असतं. मुख्य ॲडमिन कंपनीतले दोघेजण असावेत, रिकव्हरीचा फोन मालकाचा असावा आणि डोमेन कंपनीच्या नावावर नोंदलेलं असावं. हे बदल व्हेंडरशी संबंध चांगले असतानाच करून घ्या. एका बैठकीत होतात.