खुलासा: प्रोस्टेटचा कॅन्सर आणि ‘आठ दिवसांत ऑपरेशन’

वडोदऱ्यात आपल्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: ‘प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पसरलाच.’ हे सरसकट खरं नाही. शेजारचे काका तो वाचून रात्रभर जागे होते, म्हणून लिहितोय.

बायोप्सीच्या रिपोर्टवरचा ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, आधी बघा. काकांचा ३+३, म्हणजे ६, आजार प्रोस्टेट ग्रंथीपुरताच. अशा कमी जोखमीत ठराविक काळाने पीएसए (रक्ताची तपासणी), एमआरआय, लागलीच तर पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले सुमारे ३ टक्केच. देखरेखीत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, हेही सांगितलंच पाहिजे. उलट ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा सुटू शकतो, लैंगिक संबंधात अडचण येऊ शकते.

स्कोअर ८ किंवा त्याहून जास्त असेल किंवा आजार हाडांत गेला असेल तर गोष्ट वेगळी; तिथे वेळ घालवू नका.

काकांनी लाइट बिलाच्या पाठीवर प्रश्न लिहिलेत, यूरोलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांसाठी. पहिलाच: ‘सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?’ मेसेज पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याखाली हा खुलासाही टाका.