बनियन वाळला होता

गुडघ्याखाली अजून हिरवं-निळं आहे. बायको म्हणते, "एवढं काय त्यात? बाबांनी मुद्दाम केलं का?" मुद्दाम नाही केलं, हीच तर पंचाईत आहे. मुद्दाम केलं असतं तर दोन शब्द बोलता तरी आले असते.

सासरे सांगलीहून आलेत, दोन महिन्यांसाठी. आम्ही कोरियात, सोलच्या जवळ राहतो आणि गेली दोन वर्षं मी इथली पारंपरिक धनुर्विद्या शिकतोय. सुरुवात कार्बनच्या धनुष्यावर झाली. यंदा मात्र हौस म्हणून जुन्या पद्धतीचं 'गाक्कुंग' घेतलं. किती पैसे गेले ते घरात अजून पूर्ण सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही नको.

गाक्कुंग म्हणजे आत बांबूचा कणा, नेमबाजाकडच्या अंगाला म्हशीचं शिंग, पलीकडच्या अंगाला गुरांच्या शिरांचे तंतू, टोकांना तुतीचं लाकूड आणि वरून भूर्जाची साल. दोरी उतरवली की ते उलट्या दिशेला वळतं आणि कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपतं तसं गोल होऊन बसतं. हे सगळं चिकटवलेलं असतं माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेल्या सरसाने. मासा आपल्या घोळच्या भाऊबंदांपैकीच. सरस जबरदस्त, पण एक खोड: हवेतली ओल पितो. ओल प्यायला की धनुष्य ढेपाळतं, पिळवटतं, कधीकधी सुटंही होतं. आणि जून सरता सरता इथे 'जांगमा' सुरू होतो, म्हणजे महिनाभराचा पावसाळा. म्हणून धनुष्य उबदार कपाटात ठेवायचं. मी बुटांच्या जुन्या कपाटात छोटा दिवा लावून तसं कपाट घरीच केलं होतं. बाळंतिणीच्या खोलीसारखी आतली ऊब मी रोज हात घालून तपासायचो. त्या आठवड्यात ऑफिसच्या गडबडीत दोन दिवस राहिलं, तेवढंच.

सासरे वीज बोर्डातून रिटायर झालेत. पावसाने कपडे वाळेनात, तेव्हा त्यांना हे कपाट सापडलं. त्यांनी धनुष्य अलगद एका बाजूला सरकवून (हे ते अभिमानाने सांगतात) ओला बनियन आणि मोजे आत टांगले. सकाळी बनियन वाळला. मग त्यांनी बनियन काढला आणि दिवा बंद केला. "बिनकामाचा दिवा कशाला जाळायचा?"

हे मला शनिवारी मैदानावर कळलं. तोवर उशीर झाला होता.

आमच्या मैदानावर या दिवसांत शहाणी माणसं कार्बनचं धनुष्य आणतात. गुरुजींनी मलाही तेच सांगितलं होतं. पण सासऱ्यांना अस्सल वस्तू दाखवायची होती ना! तिथे उभं राहिलं की निशाण समोर 145 मीटरवर, मधे खोलगट रान. फळी दोन मीटर रुंद आणि 2.67 मीटर उंच, पण तेवढ्या लांबून पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते. एका फेरीत पाच बाण. दोरी ओढायची ती अंगठ्याने, त्यात शिंगाची कडी घालून. द्रोणाचार्यांना नेमकं काय मागायचं ते किती बरोबर कळत होतं, हे मला कोरियात आल्यावर समजलं.

आणि नियम नऊ. त्यातला एक, नेम धरताना बोलायचं नाही. मी एकदा शिंकलो होतो, तर एका आजोबांनी असं पाहिलं की पुढच्या दोन शिंका मी गिळल्या.

सासऱ्यांना मी हे गाडीत नीट समजावलं होतं.

पोचल्यावर मंडळाच्या प्रमुखांशी ओळख करून दिली. वय पंच्याहत्तरच्या घरात, ताठ मान. "बाबा, हे आमचे सादू."

सासरे थबकले. "साडू?"

"साडू नाही, सादू. इथल्या प्रमुखांना सादू म्हणतात."

"अहो जावईबापू, मला एकच मुलगी आहे."

"हो, बाबा."

"मग तुम्हाला साडू आला कुठून?"

"साडू नाही हो, सादू. द. द दगडातला."

"म्हणजे मी या माणसाचा सासरा लागतो?" त्यांनी सादूंना आपादमस्तक न्याहाळलं. "माझ्यापेक्षा थोरला दिसतोय."

सादूंनी मला हळूच विचारलं, वडील काय म्हणतात? मी म्हटलं, तुम्ही तब्येतीने फार छान दिसता असं म्हणतात. सादू कमरेत वाकले. सासऱ्यांनी वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बघा, मान देतोय. जावईच!"

त्यानंतर सादूंनी त्यांना छपरीत खुर्ची दिली. कॉफी दिली. टरबूज कापून दिलं. दोन वर्षांत मला टरबुजाची साल दिसलेली नाही.

मी दोरी चढवायला बसलो. चढवल्यावर वाकडं बसलेलं अंग पायाने दाबून सरळ करतात, तशीच रीत आहे. मी पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "अरे अरे अरे! शस्त्राला पाय?" सासरे खुर्चीतून उठून आले, धनुष्याला हात लावून तो कपाळाला लावला. "खंडेनवमीला आम्ही पान्यांना, स्क्रू-ड्रायव्हरलासुद्धा हळदकुंकू वाहतो." रांगेतले पाचही जण वळून बघत होते. कुणी काही बोललं नाही. वडीलधारा माणूस आहे ना. शिंकलो मी असतो तर!

धनुष्य पायाखाली ओल्या पापडासारखं लागत होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

रांगेत उभं राहिल्यावर पहिल्या बाणाआधी प्रत्येकाने म्हणायचं असतं, "मी धनुष्य शिकतोय." बाकीचे म्हणतात, "भरपूर नेम लागोत." फार गोड चाल आहे. मी म्हटलं, त्यांनी उत्तर दिलं. सासऱ्यांना अर्थ हवा होता. शेजारच्या आजोबांनी मोबाइलवर भाषांतर करून दाखवला.

"अजून शिकताच आहात?" शांततेत खणखणीत आवाज. "दोन वर्षं झाली ना?"

पहिला बाण शंभर मीटरवर गवतात. दुसरा त्याच्याही अलीकडे. "वारा आहे का हो?" वारा नव्हता. तिसऱ्याला मी पूर्ण ओढलं, तेव्हा खालचं अंग हातातच पिळवटलं, दोरी टोकावरून घसरली आणि ते सबंध प्रकरण उसळून मूळच्या गोलाकारात परतलं. वाटेत माझी नडगी होती.

मुठीजवळ शिंग बांबूपासून बोटभर सुटलं होतं. गुरुजींनी ते नाकाशी धरून वास घेतला. मग विचारलं, "हे कुठे ठेवलं होतं?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नाही, मी धक्कासुद्धा लावला नाही. नुसता बनियन वाळत घातला होता." मग निवांतपणे टरबुजाची बी थुंकत, "पण हे म्हशीचं शिंग म्हणता, इथे तर एक म्हैस दिसली नाही." बरोबर आहे, शिंग पहिल्यापासून बाहेरूनच यायचं. पण हा प्रश्न विचारायची ती वेळ होती का?

धनुष्य करणाऱ्या कारागिराला फोन केला. हे काम थंड, कोरड्या हवेतलं, आता हात लावणार नाही, पावसाळा आणि उन्हाळा सरू दे म्हणाला. किती लागतील विचारलं, तर आकडा ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच होता. म्हणजे शरद ऋतूपर्यंत परत कार्बन, आणि हिवाळ्यापर्यंत घरात खोटा हिशोब. 'शिकतोय' म्हणायचं ते आहेच.

रात्री सासऱ्यांनी सांगलीला भावाला व्हिडिओ कॉल केला. मी शेजारच्या खोलीत नडगीला बर्फ लावत होतो. "जावई मेहनती आहे रे, पण भोळा. डुप्लिकेट धनुष्य गळ्यात मारलंय त्याच्या. फेव्हिकॉलने चिकटवलं असतं तर आयुष्यभर हललं नसतं."

कपाट आता रिकामंच आहे, म्हणून काल उघडून पाहिलं. दिवा लावलेला. आत एक बनियन, सासऱ्यांचे मोजे, आणि दुसऱ्या हँगरवर बायकोने नीट घडी करून टाकलेला माझा टॉवेल.