गुलाबी की राणी?

दहावीपर्यंत माझी असलेली 'संयुजा' अकरावीत एका रात्रीत 'व्हॅलन्सी' झाली. लग्नानंतर नाव बदललेल्या मावशीसारखी: चेहरा ओळखीचा, हाक काय मारायची कळेना. त्यात दादाने रद्दीतून हिंदी गाइड आणलं. आपला अणू म्हणजे ॲटम, पण हिंदीतला अणू म्हणजे आपला रेणू. पहिल्याच चाचणीत मी 'पाण्याचा अणू' लिहून आलो.

मग मोल. एका मोलात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. तेवढे रेणू १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम घोटभर. ज्या ॲव्होगाड्रोच्या नावाने हा आकडा आहे त्याने तो कधी मोजलाच नाही. पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये त्याचं नाव देऊन टाकलं. मीही मोजला नव्हता, पण मार्क माझेच गेले.

खरी अब्रू गेली ती टायट्रेशनला, म्हणजे ॲसिड संपवायला किती अल्कली लागतं ते थेंबाथेंबाने मोजताना. ब्युरेट या उभ्या मापनळीत सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली, फ्लास्कमध्ये १० मिली ॲसिड आणि दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (ॲसिड संपलं की गुलाबी होणारं), खाली पांढरी टाइल. "फिकट गुलाबी हवा," सर म्हणाले, "आणि अर्धा मिनिट टिकायला हवा." डावा हात नळीच्या चावीवर, उजव्याने फ्लास्क घुसळायचा. थेंब पडतो, गुलाबी ढग उठतो, विरतो. पुन्हा थेंब. पुन्हा विरतो. मग शेजारचा "पेन आहे का रे?" म्हणतो, आणि फ्लास्कमध्ये थेट राणी कलर!

सरांनी तो उजेडात धरला. "लग्न कुणाचं आहे?"

दुसऱ्या खेपेला अगदी हवा तसा गुलाबी जमला. फ्लास्क घेऊन सरांकडे धावलो, तर तिथे रांग. माझा नंबर येईपर्यंत पाणी बिनरंगी. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की रंग जातो, हे पुढे कळलं; त्या वेळी मात्र नुसतंच "आत्ता होता हो, सर!" म्हणत उभा राहिलो.

सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं पक्कं रीडिंग, यायला दोन रीडिंग सारखी लागतात. माझी ९.८, ११.६ आणि १०.९. शेजाऱ्याची तिन्ही १०.२. त्याचं पेन परत घेताना मी त्याचं रीडिंगही घेतलं.

घरी आल्यावर आई शर्टावरचा आमटीचा डाग धूत होती. साबण लागताच हळद लालभडक झाली. सवयीने मी तीस सेकंद मोजले. रंग टिकला!

"बघत काय बसलायस?" आई म्हणाली. "पाणी ओत."