सरपंचपती आहेत म्हणून आरक्षण नको म्हणणाऱ्या दादांना

दादा, एवढी सविस्तर कमेंट टाकलीत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की विधानसभा-लोकसभेत महिलांना ३३ टक्के आरक्षण दिले तरी ग्रामपंचायतीसारखंच होणार, बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा, त्यापेक्षा ज्या लायक आहेत त्या स्वतःच्या हिमतीवर येतील की.

सरपंचपती आहेत, नाही कोण म्हणतंय. आमच्या गावात वहिनी सरपंच झाल्या तेव्हा पहिलं वर्षभर झेंडावंदनाला त्या आणि बाकी सगळं त्यांचे यजमान अण्णा. आता पेमेंट ऑनलाइन असतं, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, तर वहिनींच्या सहीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखं यंत्र) अण्णांच्या शर्टाच्या खिशात. मग गटाराच्या एका बिलावरून कोणीतरी तक्रार ठोकली आणि नोटीस आली ती वहिनींच्या नावाने. झालं! डोंगल वहिनींच्या पर्समध्ये गेला तो परत काही बाहेर आला नाही, आणि पुढच्या मासिक सभेला प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेब घामाघूम. सगळ्याच असं करतात असं नाही म्हणत मी, पण पदच नसतं तर ती नोटीस तरी कशाला आली असती.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. पाच वर्षांनी सोडत निघाली, सरपंचपद सर्वसाधारण झालं आणि पॅनलवाल्यांनी वहिनींना साधं विचारलंसुद्धा नाही. म्हणजे कुठे जरा कारभार कळायला लागला की सीट फिरली. यात आरक्षणाचा काय दोष, दोष या फिरवाफिरवीचा आहे.

आणि तरीही मुंबईचं बघा. रिखिल भावनानी नावाच्या अभ्यासकाने महापालिकेचे निकाल तपासले, १९९७ ला महिलांसाठी राखीव असलेले जे वॉर्ड २००२ ला खुले झाले तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या मानाने साधारण पाचपट निघाली. एकदा लोकांनी आणि पक्षांनी बाईला काम करताना बघितलं की तिकीट देताना हात कमी थरथरतो, एवढंच.

हिमतीवर येतील म्हणता, तर २०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ आल्या. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा मांडलं १९९६ ला, मंजूर झालं २०२३ ला, तेही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या दावणीला बांधून. (बापाची सीट पोराला मिळते तेव्हा लायकी कोण विचारतं हो? असो.) त्या कायद्यात राज्यसभा आणि विधान परिषद नाही, मुदत १५ वर्षांचीच, हे मलाही खटकतं. पण एक गोष्ट बरी आहे, राखीव जागा फिरणार त्या दर निवडणुकीला नाही, पुढची पुनर्रचना झाल्यावर. म्हणजे बाईला आपला मतदारसंघ बांधायला वेळ मिळेल.

तेच आपल्याकडे खाली का नाही? तामिळनाडूत स्थानिक संस्थांची राखीव जागा सलग दोन टर्म तशीच ठेवतात. महाराष्ट्राने २०११ ला स्थानिक संस्थांतलं महिला आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं, मग सोडतही दहा वर्षांनी काढा ना. याला तुमचा विरोध आहे का, असेल तर का, ते लिहा.