कोरडवाहू पपई

लेकीने मेक्सिकन रेड नी जातीची टॅरँटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, पाळली आहे. लाड लेक करते, माती मला बघावी लागते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिशवीवर कोळ्याचं झकास चित्र आणि आत सालीचे ढलपे. ही बाई बीळ करून राहणारी. ढलप्यांत काय खणणार? खडीचंही तेच, शिवाय वरून पडली तर पोट फाटायचं. सीडरचा भुसा तर विषारीच. पण चित्र छापणाऱ्याला कोण विचारतो! म्हणून मी इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, बागसामानाच्या एका दुकानात, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट घेऊन रांगेत उभा होतो. अंगात मंडळाच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट. तिथेच घात झाला.

"काय हो, मराठी का?"

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले काका. दापोलीकडचे, कृषी खात्यातून निवृत्त. गृहस्थांना विमानातून उतरल्यापासून कुणी सल्ला विचारला नसावा. त्यांनी वीट माझ्या हातातून घेतली आणि चक्क हुंगली.

"ईसी बघितलात? क्षारांचं माप हो! किनाऱ्याकडे नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, मीठ राहतं. धुऊन घ्या. पीक कुठलं?"

"टॅरँटुला."

"टोमॅटोत नवीन आलंय?"

"नाही, मेक्सिकोची आहे."

"म्हणजे मिरची. पाणी?"

"माती कोरडीच ठेवायची. कोपऱ्यात एक वाटी पाणी, बस."

"कोरडवाहू. खत?"

"खताची माती अजिबात चालत नाही. म्हणून तर ही वीट."

"थर किती?"

"चार-पाच इंच. वर फार मोकळी जागा नको, चढते आणि पडते."

"वेल आहे तर."

"काका, मादी आहे हो ती."

चेहरा उजळला. "मग पपई म्हणा ना! नर उपटलेत का?"

"नर लवकर मरतात."

"आपोआप? वा! आणि मादी?"

"वीस-पंचवीस वर्षं जगते."

"पंचवीस वर्षं पपई!" काकांनी खिशातून डायरी काढली. "बियाणं कुठून आणलंत?"

शेवटी फोनवर फोटो दाखवला. केशरी गुडघे, केसाळ पोट. वीट काकांच्या हातून सुटली, कोपरा फुटला. काका मागे सरकले आणि मागच्या बाईंना हिंदीत म्हणाले, "ये लोग घर में रखते हैं!" रांगेत माझ्या मागेपुढे ऐसपैस जागा झाली.

फुटक्या विटेचे पूर्ण पैसे मीच भरले. रात्रीपर्यंत बातमी मंडळाच्या ग्रुपवर. चैत्राचं हळदीकुंकू आमच्याकडे ठरलं होतं, ते "सोयीसाठी" दुसरीकडे हललं. सोयीसाठी! ह्याच लोकांचे कुत्रे सोफ्यावर लोळतात. हे रोज सकाळी त्यांच्यामागे पिशवी घेऊन हिंडतात, त्याचे फोटोही टाकतात. आमची भुंकत नाही, फिरायला न्या म्हणत नाही. आठवड्याला एखाददुसरा रातकिडा खाते आणि गप्प पडून राहते. ग्रुपमधल्या किती जणांबद्दल असं म्हणता येईल?

आणि ईसी कितीपर्यंत चालते, ते काकांनी सांगितलंच नाही.