ब्रेक न लावता पादचारी कसा वाचवावा

कॉलनीसमोरच्या रस्त्यावर पुन्हा कुणाला तरी गाडीनं उडवलंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागलीय, आणि ‘आता काहीतरी केलंच पाहिजे’ असं लिहिणारे पहिले तुम्हीच होतात. म्हणजे समिती तुमच्याच गळ्यात पडणार. घाबरू नका. आपण इंदूरचे आहोत. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेतला पहिला नंबर आपण सोडला नाही. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या गावाला चालणारी माणसं आणि पळणाऱ्या गाड्या वेगळ्या करणं काय अवघड? फक्त एक पथ्य पाळायचं: रस्त्यावरची एकही गाडी हळू करायला लागता कामा नये. एवढं सांभाळून बाकी जे सुचेल ते खुशाल करा. वर्तमानपत्रात फोटो येईल.

रस्ता कुठला ते मी सांगत नाही. अन्नपूर्णा रोड धरा, कनाडिया रोड धरा, राजेंद्रनगरच्या अंगानं जाणारा एबी रोड धरा. एका बाजूला घरं असतात आणि त्या घरांतल्या माणसांना लागणारं सगळं दुसऱ्या बाजूला असतं: शाळा, दवाखाना, दूध, बँक, सकाळचे पोहे. ही रचना कुणी मुद्दाम केलेली नाही, पण मुद्दाम करायची म्हटली असती तर इतकी नेमकी जमली नसती.

सुरुवात रंगापासून करा. झेब्रा क्रॉसिंग रंगवायला कुणाचा विरोध नसतो, कारण त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. चांगला रंग म्हणजे वितळवून ओततात तो थर्मोप्लास्टिक. त्यात काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणजे रात्री दिव्यात पट्टे चमकतात. पण तुम्ही साधा रंगच मागा. तो पहिल्या पावसात जातो, त्यामुळे दरवर्षी उद्घाटन करता येतं. पट्टे कुठं ओढायचे हेही फार बघत बसू नका. आमच्याकडचे पट्टे एका गटाराच्या उघड्या तोंडाशी सुरू होतात आणि थेट डिव्हायडरला जाऊन भिडतात. डिव्हायडर दीड फूट उंच, वर कण्हेर लावलेली, आणि कण्हेरीला सुंदर लोखंडी जाळी. पट्टे एका ठेकेदाराचे, डिव्हायडर दुसऱ्याचा. दोघांनीही आपापलं काम चोख केलंय.

तिथं थोडा वेळ उभं राहून बघण्यासारखं असतं. जाळीचा एक गज कुणीतरी वाकवून ठेवलाय, आणि त्याच्या शेजारचा गज हात लागून लागून इतका गुळगुळीत झालाय की त्याला गंजही धरत नाही. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी संध्याकाळी भाजी घेऊन येतात. पिशवी आधी डिव्हायडरवर ठेवतात, मग त्याच्यावर आडव्या बसतात, पदर खोचतात, आणि एकेक पाय हातानं उचलून पलीकडे सोडतात. कण्हेरीची एक फांदी रोज त्यांच्या अंबाड्यात अडकते. त्या पाय सोडतात ती जागा म्हणजे सर्वांत वेगवान लेन. तिथून एक मोटारसायकलवाला आजींना ओरडून जातो, “माताजी, देखके!” बघण्याचं काम आजींचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गावाचे संस्कार अजून टिकून आहेत.

कायद्याच्या नादी अजिबात लागू नका. वाचलात तर मन:स्ताप होईल. सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे १९८९ च्या नियमांत होतं आणि २०१७ च्या नव्या नियमांतही आहे. म्हणजे पट्ट्यांवर पाय ठेवलेल्या माणसासाठी गाडीनं थांबायचं, माणसानं गाडीसाठी नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याचं डिझाइन किंवा बांधकाम ठरलेल्या मानकांत बसत नसेल आणि त्यातून कुणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं फूटपाथवरून चालता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. हे सगळं बैठकीत बोललात तर लोक तुमच्याकडे सहानुभूतीनं बघतील आणि कुणीतरी हळूच विचारेल, “काका, बीपीची गोळी घेतली ना?”

त्यापेक्षा जागृती करा. जागृतीला खर्च कमी आणि पुण्य जास्त. शाळेतल्या मुलांना सकाळी सातला फलक देऊन रस्त्याच्या कडेला उभं करा. फूटपाथवर नको, तिथं गाड्या उभ्या असतात. फलकांवर लिहा: रस्ता सांभाळून ओलांडा, दोन्हीकडे बघा, मोबाइल वापरू नका. प्रत्येक वाक्य चालणाऱ्याला उद्देशून असलं पाहिजे. चालवणाऱ्याला काही सांगणं असभ्यपणाचं, कारण तो घाईत असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ चालत होती. दिवसाला नव्वद. हा आकडा फलकावर घालायचा मोह होईल, पण घातलाच तर खाली ‘मोबाइल वापरू नका’ हेच ठेवा. म्हणजे नव्वदच्या नव्वद जण इअरफोन लावून चालले होते असं वाचणाऱ्याला आपोआप वाटतं.

आता धोक्याची सूचना. अशा प्रत्येक समितीत कुणाची तरी नात असते. एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल केलेली, आजीला सोडायला म्हणून आलेली, आणि दहा मिनिटांत वही काढणारी. ती म्हणते, एका बाजूच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरते, म्हणजे नऊ सेकंद. ताशी साठनं येणारी गाडी नऊ सेकंदांत दीडशे मीटर येते. आजीचा वेग ०.८ धरला तर तेरा सेकंद आणि जवळजवळ सव्वादोनशे मीटर. एवढा रस्ता तिन्ही लेनमध्ये मोकळा दिसेल तेव्हाच आजीनं पाऊल टाकायचं. मध्ये नीट उभं राहायला जागा नसेल तर दोन्ही दिशांना एकाच वेळी मोकळा हवा, आणि तसा तो रात्री अडीचला असतो.

मग ती पुढं बोलतच राहते. गाडी ताशी तीसवर आणली तर लागणारं अंतर निम्मं होतं. पन्नासच्या वेगात समोर कुणी दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत अठ्ठावीसेक मीटर जातात, तीसला तेरा-चौदा. मधला डिव्हायडर कापून दोन मीटर रुंदीची, जमिनीच्या पातळीवरची थांबायची जागा करा, म्हणजे आजीला एका वेळी एकाच बाजूचा हिशोब करावा लागेल. क्रॉसिंग फूटपाथच्या उंचीला उचलून घ्या, गाडीला आपोआप चढ लागेल. पट्ट्यांच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवा, म्हणजे पोरगं गाडीआडून अचानक बाहेर येणार नाही. वर एक दिवा लावा, जो पट्ट्यांवर पडेल, हायमास्टसारखा आकाशात नाही.

तिचं सगळं बरोबर असतं, हीच अडचण. त्यात वेग कमी होतो. तिला चहा द्या, “बेटा, प्रॅक्टिकल विचार करायला शिक” म्हणा, आणि विषय फूटओव्हर ब्रिजवर न्या.

फूटओव्हर ब्रिज ही खरी दूरदृष्टी. खालून ट्रक जायला साडेपाच मीटर जागा सोडली की चढायला चाळीसेक पायऱ्या होतात, उतरायला तितक्याच. रस्ता सपाट असतो, चालणारी आजी सपाट चालते, पण तिला दुसऱ्या मजल्यावर चढवून आणायचं, म्हणजे खालच्या माणसाला ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागत नाही. लिफ्ट असते. ती बंद असते. ब्रिजच्या दोन्ही अंगांना शिकवणी वर्गांच्या जाहिराती लावतात, त्यातल्या गुणवंतांच्या चेहऱ्यांमुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळनंतर मुली तिथून जात नाहीत. कुणीच जात नाही म्हणून लोक बेशिस्त आहेत हे सिद्ध होतं. बेशिस्त सिद्ध झाली की डिव्हायडरची जाळी दोन फुटांनी उंच करता येते. आजींचा गज तेवढा परत सरळ करून घ्या.

स्पीडब्रेकर मागणारेही भेटतील. त्यांना निराश करू नका, पण मापाचा देऊ नका. मापाचा म्हणजे ३.७ मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच, गोलसर. त्यावरून गाडी साधारण पंचविसनं जाते आणि पाठ मोडत नाही. आपल्याकडचा उरलेल्या काँक्रीटमधून रात्री होतो, हातभर रुंद आणि वीतभर उंच, न रंगवलेला. तो पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी स्कूटी पाडतो, मग ग्रुपवर त्याच्याविरुद्ध मोहीम निघते आणि दुसऱ्या आठवड्यात तो उखडतात. नंतर दहा वर्षं तुम्ही हक्कानं म्हणू शकता, “आम्ही करून बघितलं, लोकांनाच नको होतं.”

सिग्नलबद्दल थोडक्यात. तो लावायला सांगा, पण हिरवा माणूस बारा सेकंदांचा ठेवा. सहा लेन ओलांडायला धडधाकट माणसाला अठरा सेकंद लागतात, म्हणजे बाराव्या सेकंदाला तो डिव्हायडर ओलांडून पलीकडच्या लेनमध्ये असतो आणि उरलेलं त्याचं नशीब. आणि लेफ्ट टर्न कायम मोकळा.

एखादा जुना इंदूरकर विचारेल, गाड्यांच्या जागेत हात घालता येतो हे बीआरटीएसनं दाखवलं नव्हतं का? दाखवलं होतं. २०१३ मध्ये एबी रोडच्या मधोमध बससाठी वेगळी लेन झाली. थांबेही मधोमध, म्हणजे बस पकडणाऱ्या प्रत्येकाला अर्धा रस्ता ओलांडावाच लागे. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर ती लेन काढायला घेतली. कोंडी होते म्हणून. त्या चर्चेत बसमधले लोक काय म्हणाले ते फारसं ऐकू आलं नाही. ते बहुतेक थांब्यावर असावेत. तेव्हा इतिहासाचा दाखला कुणी दिलाच तर ‘कोंडी’ एवढा एकच शब्द बोलून बसून घ्या. या शब्दापुढं कुठलीही वही टिकत नाही. एका बैठकीत मी एका साहेबांना विचारलं होतं, “गाड्या जरा हळू करता येतील का?” ते अतिशय अदबीनं म्हणाले, “अंकलजी, जाम लग जाएगा।” जाम म्हणजे गाड्या थांबणं. गाड्या थांबल्या तर माणसं रस्ता ओलांडतील. इतका पुढचा विचार करणारी माणसं आहेत म्हणून शहर चाललंय.

एवढं सगळं करूनही पलीकडे जायचं राहिलंच, तर एक खात्रीचा उपाय आहे. तो कुठल्याही नियमावलीत नाही. बारात. तुम्ही बघितलं असेल, ज्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला वाट मिळत नाही तिथं घोडी आली की सहाच्या सहा लेन शांत उभ्या राहतात. कुणी हॉर्न वाजवत नाही. वाजवला तरी बँडमध्ये मिसळून जातो. जाम लागतो, अर्धा अर्धा तास लागतो, आणि त्याची तक्रार कुणी लेखी करत नाही. गाडीतली माणसं काच खाली करून नवरा बघतात. या वीस-पंचवीस मिनिटांत दवाखाना, दूध, शिकवणी सगळं उरकतं. मधूनच जनरेटरच्या गाडीमागून आजीसुद्धा पिशवी घेऊन निघून जातात, फक्त एक-दोन ठेके धरावे लागतात.

तेव्हा समितीनं वर्गणी काढून घोडीवाल्याशी महिन्याचा ठरावच करून टाकावा. सकाळी शाळेच्या वेळेला एक फेरी, संध्याकाळी भाजीच्या वेळेला एक. नवरा रोज नवा लागत नाही, ग्रुपमधल्या कुणालाही फेटा बांधला तरी चालतो. लांबून कोण ओळखतंय? बँड परवडत नसेल तर निदान एक ढोल ठेवा. आणि बोलणी चातुर्मासात करा. देवउठनी एकादशीपर्यंत लग्नं नसतात, घोड्या रिकाम्या असतात, भाव निम्म्यावर येतो. तुळशीचं लग्न लागलं की घोडीवाला फोनही उचलत नाही.